रेनकोट उलटा करून बघा

परवा लेकीसाठी रेनकोट घ्यायला जांभळी नाक्यावर गेले होते. दुकानदार कोटावर पाणी ओतून दाखवत होता, थेंब टपटप घरंगळत होते. मी म्हटलं, "दादा, जरा उलटा करून दाखवा."

रबाळे एमआयडीसीत ११ वर्षं मी कोटिंगचं कापड तपासतेय. थेंब घरंगळतात ते वरच्या फिनिशमुळे, आणि ते धुण्यागणिक उतरत जातं. पाणी खरं अडवतो तो आतला थर, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. हा थर देताना ताणलेलं कापड सुरीखालून सरकत असतं, सुरीच्या अलीकडे पेस्टचा लांबट लोळ गोल गोल फिरत असतो. सुरी आणि कापड यांच्यात जेवढी फट, त्यावर थराची जाडी. पुढे ओव्हन. पेस्टमध्ये बुडबुडा राहिला तर तो तिथे फुटतो आणि पिनहोल पडतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं भोक.

म्हणून टेस्ट. तुकडा यंत्रात आवळायचा, खालून पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि कापडावरची नजर हलवायची नाही. तिसऱ्या जागी थेंब डोकावला की आकडा लिहायचा. २००० मिमी म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब त्या पातळ थराने सोसला. मला अजूनही याचं नवल वाटतं.

पण आकडा पास म्हणजे माल पास नव्हे. एकदा घाईच्या ऑर्डरला ओव्हनमधून लाइन जोरात पळवली. दाबाला कापड टिकलं, पण रोल उलगडताना चर्रर्र आवाज आला. थर कच्चा होता, घडीला घडी चिकटत होती. मी 'होल्ड' लिहिलं, तरी माल गेला, आणि महिन्याभरात परत आला. त्याचा राग अजून गेलेला नाही. चिकटणं हे या धंद्याचं जुनंच दुखणं. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबर घालून पेटंट घेतलं, तेव्हाचे कोटही उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत ताठ.

तर, जांभळी नाक्यावरच्या त्या कोटाच्या शिवणींवर आतून टेपच नव्हती. सुईच्या भोकांतून पाणी शिरणारच, मग कापड कितीही चांगलं असो. तिसऱ्या दुकानात टेपवाला मिळाला, १५० रुपये जास्त देऊन.

आता लेक शाळेतून आली की कोट दाराशी खिळ्याला टांगायचा, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. दमट घडीत पॉलियुरेथेन हळूहळू विरतं आणि पुढच्या जूनमध्ये पापुद्रे हाताला येतात. लेक कुरकुरते, पण टांगते.