नस्तीबद्ध

सरकारी पत्रात "नस्तीबद्ध" हा शब्द दिसला तर खुश होऊ नका. मी झालो होतो.

बाबा गेल्यावर घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव चढवायचं होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र वगैरे आठवड्यात जमलं. अर्ज मात्र मी ऑफिसबाहेर बसणाऱ्याकडून 200 रुपये देऊन लिहून घेतला, कारण वाटलं की आपली साधी भाषा आत चालणार नाही. त्यानं दोन पानं भरली, "सविनय सादर", "तद्नंतर", "सदरहू मिळकत", आणि मी पण मान डोलावून सही केली.

महिनाभरानं पत्र आलं. "मूळ अभिलेखातील नोंदीशी तफावत आढळून येत असल्याने उचित पुराव्यानिशी खुलासा विहित मुदतीत सादर करावा." कशाची तफावत, कोणता पुरावा, किती दिवस, काही नाही. ऑफिसात (नाव घेत नाही, नागपुरातलंच आहे) तीन चकरा मारल्या, त्याही मे महिन्यात, रुमाल ओला करून डोक्याला बांधून. खिडकीवरचा माणूस दरवेळी एकच सांगे, "पत्रात लिहिलंय ना सगळं." शेवटी अंदाजानंच टॅक्सची पावती नि लाईटचं बिल लावून दिलं.

मग दुसरं पत्र, "सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." मला वाटलं नस्ती म्हणजे फाईल, बद्ध म्हणजे बांधली, चला, फाईल तयार झाली, काम मार्गी लागलं! आईला तसंच सांगितलं आणि चार महिने निवांत वाट पाहत बसलो. दिवाळीत मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आले, ते सरकारी नोकरीतून रिटायर, त्यांनी पत्र पाहिलं न् कपाळाला हात लावला. "अबे, नस्तीबद्ध म्हणजे बंद केली फाईल. गुंडाळली. तू काय करून राहिला होता इतके दिवस?"

त्या रात्री माहिती अधिकाराचा अर्ज मीच लिहिला. आपल्या महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणजे फुलोरा करायला जागाच नाही. मी तीन ओळी लिहिल्या: माझ्या अमुक नंबरच्या फाईलमधल्या सगळ्या टिपण्यांची प्रत द्या. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, 28 व्या दिवशी प्रती आल्या, पानाला 2 रुपयांप्रमाणे.

आणि त्यात काय होतं माहितीये? टिपणीवर बाबूनं निळ्या पेनानं लिहिलं होतं, "कार्डावर बाळाजी, दाखल्यावर बालाजी. एकच माणूस असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट मागा." बस, एवढंच! म्हणजे आपसात लिहिताना यांना साधं मराठी येतं, बाहेर पत्र पाठवतानाच अभिलेख न् तफावत सुचते. 1964 च्या राजभाषा कायद्यानं कारभार मराठीत आला म्हणतात, पण एका ळ साठी माझे सात महिने गेले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

अ‍ॅफिडेव्हिट एका दिवसात झालं. नवा अर्ज मी पाच ओळींत लिहिला, कोण, कोणतं घर, काय पाहिजे, सोबत काय जोडलं, फोन नंबर. 200 रुपये वाचले ते वेगळे, तर्री पोह्यात गेले. हां, एक राहिलंच, अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर पोच म्हणून शिक्का नि तारीख घ्याच, माहिती अधिकारात मला फाईल नंबर तिथूनच देता आला. आणि पत्र कळलं नाही तर माझ्यासारखी हुशारी करू नका, लेखीच विचारा की नेमका कोणता कागद पाहिजे.

दीड महिन्यात नावं चढली. नवं कार्ड हातात आल्यावर आठ दिवसांनी आणखी एक पत्र आलं, "कार्यवाही पूर्ण झाली असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." आईनं ते वाचलं आणि घाबरून मला ऑफिसात फोन केला.