तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली नवीन मराठीत ऐकण्यासारखं काही येतं का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारला जातो आणि सांगलीची मावशी तर फोन ठेवता ठेवता हमखास विचारते. मी गाणी फार ऐकते हे सगळ्यांना माहीत झालंय, त्याचा हा परिणाम. गंमत अशी की विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. मी मान हलवून "छे, कसलं काय" म्हणावं, मग दोघींनी मिळून बाबूजी (सुधीर फडके) आणि खळेकाका (श्रीनिवास खळे) या जुन्या संगीतकारांची आठवण काढावी आणि विषय जिलबीकडे वळावा, एवढी माफक अपेक्षा असते.

माझं उत्तर मात्र "येतं" असं आहे. भरपूर येतं. त्यातलं पुष्कळसं टाकाऊ असतं हेही खरं, पण टाकाऊ गाणी आकाशवाणीच्या काळातही होत होती. ती आता कुणी लावत नाही, म्हणून तो काळ एवढा स्वच्छ दिसतो.

आधी अल्बमचं बोलून टाकते, कारण सगळ्यात मोठी तक्रार तीच असते: "आता कुणी अख्खा अल्बम काढतच नाही, एकेक गाणं सोडतात." माझ्या पिढीला अल्बम म्हटलं की 'गारवा' आठवतो. १९९८ सालची कॅसेट, मिलिंद इंगळेंचा आवाज, सौमित्र यांच्या कविता. आधी कवी बोलणार, मग गाणं सुरू होणार. बोलणं पुढे ढकलायचं तर कॅसेट पळवावी लागे आणि ती नेमकी भलतीकडे थांबे, त्यामुळे आम्ही निमूट सगळं ऐकायचो आणि त्यातूनच त्याची चटक लागली. २००३ नंतर 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने हेच गप्पा आणि गाण्यांचं जमवलेलं गणित रंगमंचावर नेलं. पुढे कॅसेट गेली, सीडी गेली, २०१६ मध्ये मुंबईच्या काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकानसुद्धा बंद झालं. आता गाणं फोनवर येतं, एकटंच येतं.

पण एकेक गाणं सोडणं म्हणजे ऱ्हास, असं म्हणणाऱ्यांना मी गीतरामायणाची आठवण करून देते. गदिमा आणि बाबूजींनी ते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशा हिशेबाने ऐकवलं. छप्पन्न गाणी व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. लोक पुढच्या आठवड्याची वाट बघायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर ते सगळे सिंगल्सच होते. तेव्हा एकेक येण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढचं गाणं मागच्याला जोडून घेणारं आहे का, एवढंच मी बघते.

दुसरी तक्रार लांबीची. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ऐकलं म्हणून मोजलं जातं. साहजिकच सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे गेले, गायक पहिल्याच ठोक्याला मुखडा गातो आणि दुसरा अंतरा बहुतेकदा गायबच. यावर लोक हळहळतात. मी थोडीच हळहळते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीला एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. त्यातच मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटी रागातली ठुमरी अशी बसवली की आजही कुणाला ती अपुरी वाटत नाही. कमी वेळ मिळाला म्हणून गाणं वाईट होत नाही. सांगण्यासारखं काही नसलं की होतं, आणि मग दोन मिनिटंही जड जातात.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. जुनं भावगीत घ्यायचं, गिटारवर चार कॉर्ड धरायचे, मागे पिवळे दिवे लावायचे आणि आवाजात अर्धा श्वास सोडत कुजबुजल्यासारखं गायचं. याला 'अनप्लग्ड' म्हणतात. यात शब्दांची जी वाट लागते ती कान देऊन ऐका. 'ळ'चा 'ल' होतो. ओळीच्या शेवटचा शब्द हवेत विरून जातो. मूळ चालीत जिथे एखादी छोटी हरकत शब्दाला धक्का देऊन पुढे न्यायची, तिथे आता सपाट सूर. खळेकाकांची चाल गाऊन बघा, मधली एक मुरकी, म्हणजे सुरांचं झटकन घेतलेलं वळण, काढली तर सगळी ओळच बसकण मारते. आणि "नवीन काहीतरी पाठव ना" म्हणणारी मंडळी मला नेमकं हेच उलट पाठवतात, "बघ, नवीन पोरं किती छान गातात" म्हणून! तेव्हा मला विचारावंसं वाटतं की बाई, तुला नवीन हवंय की जुनंच नव्या गळ्यातून?

नवीन हवं असेल तर पुण्या-मुंबईच्या भावगीताची वेस ओलांडावी लागते, असं माझं मत होत चाललंय. गेल्या काही वर्षांत मला हलवून सोडलेली बहुतेक गाणी त्या वेशीच्या पलीकडची आहेत.

पहिलं उदाहरण सगळ्यांना पचेल असं देते. 'नाळ' हा २०१८ चा सिनेमा. त्यात ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांनी 'जाऊ दे न व' हे गाणं जयस कुमार या मुलाकडून गाऊन घेतलं. मूल आईला बाहेर जाऊ दे म्हणून विनवतंय, विषय एवढाच. पण तो मुलगा 'बालकलाकारा'सारखा गात नाही. वऱ्हाडी बोलण्यात वाक्याच्या शेवटी जो हेल असतो तो त्याने तसाच सुरात ठेवलाय. पट्टीच्या गायकाने तो हेल घासूनपुसून साफ केला असता आणि गाण्यातला जीव गेला असता. प्रफुल्लचंद्र यांनीच पुढे 'गोदावरी'ला संगीत दिलं. नाव लक्षात ठेवा, हा माणूस आवाज निवडताना घाई करत नाही.

दुसरं उदाहरण पंगतीत सांगितलं की वाढप्यासकट सगळे थांबतात, कारण ते रॅप आहे. स्वदेसी हा मुंबईतल्या पोरांचा गट. मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या मेट्रो कारशेडचा वाद पेटलेला असताना त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' केलं. सोबत गायला आरेच्याच केलटीपाड्यातले प्रकाश भोईर. हे गाणं हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर त्यातलं अर्धं कळत नाही. यात वारल्यांचा तारपा वाजतो. तारपा म्हणजे सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि तोंडाशी ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही, त्यामुळे सूर सलग घुमत राहतो. त्या घुमण्यावर भोईरांचा आवाज येतो. त्यात लोकसंगीत महोत्सवातली ठेवणीतली गोडी नाही. आपल्या पाड्याबद्दल माणूस ज्या आवाजात बोलेल तोच हा आवाज. मग रॅप सुरू होतं आणि तुमच्या लक्षात येतं की दोघांच्या शब्दफेकीत फार अंतर नाहीच. फ्यूजनच्या नावाखाली सतार आणि ड्रम शेजारी-शेजारी बसवलेले आपण शंभर वेळा ऐकलंय. इथे तो प्रकार नाही.

त्याच गटातून हंड्रेड आरबीएच, म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, माहीत झाला. त्याचं वऱ्हाडी ऐकताना माझी पहिल्यांदा दमछाक झाली, कारण शब्द कळायच्या आत तो पुढच्या ओळीवर गेलेला असतो. शब्द नीट लक्षात येऊ लागल्यावर मात्र मजा यायला लागली. भारूड, पोवाडा, जलसा, सवाल-जवाब एवढं सगळं पाठीशी असलेल्या भाषेला लयीत बोलण्याचं वावडं असायचं कारण काय? तरी "रॅप आपलं नाही" हे मला लोक फार ठामपणे सांगतात. शाहिरांना ऐकून मोठी झालेली माणसं हे कसं म्हणू शकतात, मला कळत नाही.

आता 'गुलाबी साडी'. हसू नका. २०२४ च्या लग्नसराईत या गाण्याने सगळ्यांना पुरतं छळलं, मलाही. पण जळगावकडच्या संजू राठोडने आणि संगीतकार जी-स्पार्कने जे केलं ते सोपं नाही. मुखडा एकदा कानावर पडला की जात नाही, ठेका नाचायला सोपा आहे आणि तो गातो अगदी गल्लीतल्या पोरासारखा, गळा न ताणता. माझी तक्रार एकच, मुखड्यावर केलेली मेहनत कडव्यांपर्यंत पोचत नाही. तरीही एखाद्या मोठ्या बॅनरच्या सिनेमातल्या, ठरवून बनवलेल्या 'गावरान' गाण्यापेक्षा मी हे दहादा ऐकेन.

त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं, तेही नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. हाउस म्हणजे क्लबातलं संगीत, चारही मात्रांवर सारखाच जड ठोका. या ठोक्यावर इंग्रजी शब्द सैल बसतात तरी चालतं. मराठीची जोडाक्षरं मात्र अशी फाटकन येतात की तीच तालवाद्याचं काम करतात. इथे ते बरोबर हेरलंय. शिवाय उन्हात तळपणाऱ्या सावळ्या कातडीचं कौतुक मराठी गाण्यात इतक्या बेफिकीरपणे झालेलं पाहून मला बरं वाटलं. गोऱ्या गोऱ्या गालांवर आपण बरंच गाऊन झालंय.

सिनेमाबद्दल थोडक्यात. 'सैराट'ची गाणी मला तेव्हाही आवडली, आजही आवडतात. 'याड लागलं'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद वाजवून घेतला, आणि तो खर्च कानाला जाणवतो. सुरुवातीला व्हायोलिन्स चढत जातात तेव्हा पडद्यावर विहिरीत उडी मारणारं पोरगं एकदम महाकाव्यातलं वाटायला लागतं. त्रास पुढे झाला. 'झिंगाट' चाललं म्हटल्यावर ज्याला त्याला आपल्या सिनेमात एक 'झिंगाट' हवं झालं, आणि अजून हवंच आहे. ढोल-ताशा, हलगी, मागे पन्नास पोरांचा आरडाओरडा. माझ्यासाठी हे सगळं एकाच रांगेत जातं, नावं लक्षात राहत नाहीत.

पण अख्खा अल्बम म्हणून सलग ऐकण्यासारखं हवं असेल तर 'मी वसंतराव' घ्या. २०२२ चा सिनेमा. राहुल देशपांडे यांनी आजोबांची, म्हणजे गायक वसंतराव देशपांडे यांची, भूमिकाही केली आणि संगीतही दिलं. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, आणि ध्वनीसाठी अनमोल भावे यांनाही, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ठुमरी, नाट्यगीत, लावणी, घरात बसून केलेला रियाज, या प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी ऐकू येते. वसंतरावांची नक्कल होण्याचा धोका होता. काही जागी त्यांची आठवण इतकी दाट होते की नातू दिसेनासा होतो, हे मी कबूल करते, पण तो लगेच परत येतो.

अभंगांचंही विचारता तुम्ही लोक. अभंग रिपोस्ट हा बँड गिटार, बेस आणि ड्रम्सवर अभंग वाजवतो. त्यांना प्रत्यक्ष ऐका. रेकॉर्डिंगमध्ये ते मला जरा जास्तच आवरून बसल्यासारखे वाटतात, रंगमंचावर मात्र पब्लिक टाळ्यांनी ठेका धरतं आणि मग कीर्तन आणि कॉन्सर्ट यांतलं काय चाललंय ते विचारायची गरज पडत नाही. इथे शब्द खाल्ले जात नाहीत, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट. तुकोबांची ओळ गिटारच्या फाटक्या, खरखरीत आवाजाच्या (डिस्टॉर्शनच्या) वरूनही स्वच्छ ऐकू येते.

"पण मन शांत करणारं काही नाही का यात?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. आहे, थोडं आहे, पण तेवढंच मागितलं तर हाती तेच ते लागतं. मन शांत करायला आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांचा साठा आहे आणि तो संपणारा नाही. मी स्वतः रात्री स्वयंपाकघर आवरताना माणिक वर्माच लावते, नव्यातलं काही नाही. नव्याकडून मला जाग हवी असते.

परवा मावशीला वरची यादी पाठवली. तिने सगळी ऐकली, हे मानलं पाहिजे. 'जाऊ दे न व' आवडलं, 'तांबडी चामडी' अर्ध्यात बंद केलं, हंड्रेड आरबीएचबद्दल "याला कुणीतरी पाणी द्या" एवढाच अभिप्राय आला. 'वारली रिव्होल्ट'बद्दल ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाने मला मेसेज केला, की आजीला तो तारपा वाजवणारे अजून कुणाचे व्हिडिओ असतील तर हवे आहेत, आणि ते मोठ्या टीव्हीवर कसे लावायचे तेही सांग.