आईच्या कॅप्सूल आणि बाटलीची मागची बाजू

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आईची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बार्शीहून तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी असा डबा सुरू झाला. महिन्याभराने लिपिड प्रोफाइल केली, तर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, 286. हा आकडा दीडशेच्या आत हवा, एवढं मला माहीत होतं. ऑफिसात दोघातिघांनी सांगितलं, ओमेगा-3 चालू कर, हृदयाला चांगलं असतं. मी त्याच रात्री कॅप्सूलची बाटली ऑनलाइन मागवली. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण हे औषध आहे असं मनातच आलं नाही. आणि त्यात माशाचं तेल आहे हे आईला सांगितलं नाही.

आई माळकरी आहे. पस्तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. मी तिला म्हटलं, "ही ताकदीची गोळी आहे, जेवण झाल्यावर घेत जा." आधी जीव महत्त्वाचा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. हे लिहिताना आजही पोटात कालवतं.

सकाळी एक, रात्री एक. दीड महिन्यात तिच्या हातांवर निळे-काळे डाग दिसायला लागले. बांगडी जरा जोरात सरकली तरी डाग. मग एक दिवस चूळ भरताना गुलाबी पाणी आलं आणि मी घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी विचारलं, "या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, टॉनिक?" मी नाही म्हणणार तोच आई म्हणाली, "ती ताकदीची गोळी घेते की मी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन मला एकट्याला बोलावलं.

बाटली हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर ती फिरवून मागची बाजू वर केली. पुढे ठळक अक्षरांत 1000 मिग्रॅ होतं. मागे बारीक अक्षरांत ओमेगा-3 चे दोन प्रकार: ईपीए 180 आणि डीएचए 120. म्हणजे ज्यासाठी आपण माशाचं तेल घेतो ते कॅप्सूलमागे फक्त 300 मिग्रॅ, बाकीचं नुसतं तेल. त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. आणि कोपऱ्यात मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, तांदळाच्या दाण्याएवढा.

डागांचा दोष त्यांनी सगळा कॅप्सूलवर टाकला नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना असे डाग पडतातच. माशाचं तेलही प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं, चिकटणं थोडं कमी करतं, म्हणून त्यात आणखी भर कशाला. मात्र एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: कॅप्सूल आजपासून बंद, पण स्टेंटच्या त्या दोन गोळ्या माझ्या परवानगीशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. डाग बघून घाबरून लोक नेमक्या त्याच बंद करतात आणि स्टेंटमध्ये गुठळी होते.

मग ते तेल हृदयाला चांगलं की नाही? त्या आठवड्यात मी रात्री बसून वाचलं. हृदयविकार नसलेल्या साधारण 26 हजार लोकांपैकी अर्ध्यांना रोज 1 ग्रॅम तेल देऊन केलेल्या अमेरिकी चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या सगळ्यांचा एकत्रित हिशेब केला, तर लक्षणीय फरक पडला नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीत, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेणाऱ्या आणि ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या 8179 रुग्णांमध्ये, रोज 4 ग्रॅम शुद्ध ईपीएने असा धोका 25 टक्क्यांनी घटला. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध होतं, बाजारातली कॅप्सूल नव्हे. शिवाय तुलनेच्या गटाला दिलेलं खनिज तेलच अपायकारक होतं का, यावर वाद झाला. 2020 मध्ये तेवढ्याच डोसच्या ईपीए-डीएचए मिश्रणाच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. आणि मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण वाढतं. 25 टक्के फायद्याच्या त्या चाचणीतही यासाठी दवाखान्यात दाखल झालेले 3.1 टक्के होते, दुसऱ्या गटात 2.1. ट्रायग्लिसराइड्स मात्र 2 ते 4 ग्रॅमने खरोखर उतरतात. आईला मी देत होतो ते दिवसाला 600 मिग्रॅ. त्यात तो फायदा मिळण्याची आशाच नव्हती.

उरलेली एक कॅप्सूल मी सुईने फोडून पाहिली. बोटावर आलेल्या तेलाला खवट शेंगदाण्यासारखा वास होता. बाटली मी एप्रिल-मेमध्ये गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली होती. हे तेल उष्णतेने आणि हवेने लवकर खवट होतं.

आईला सांगायला मला चार दिवस लागले. ती गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. सगळं ऐकून घेतलं, तांब्या खाली ठेवला. "मला विचारायचं होतंस रे. मी काय लहान आहे का?" एवढंच. त्या दिवशी ती जेवली नाही, संध्याकाळी हरिपाठाला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. रात्री मात्र स्वतःच म्हणाली, "मग आता त्या चरबीचं काय करायचं ते सांग."

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य साधंच होतं. चहातली साखर बंद, जेवणात भात कमी, रोज चाळीस मिनिटं चालणं. आणि एकादशीचं साबुदाण्याचं ताट बंद, कारण साखर आणि पिष्ट जास्त झालं की यकृत त्याचेच ट्रायग्लिसराइड्स बनवतं. आईने साबुदाण्याऐवजी ताक आणि मूठभर शेंगदाणे धरले. निर्जळी केली नाही, गोळ्या होत्या ना.

जवसाचं तिनेच काढलं. आमच्याकडे जवसाची चटणी घरोघरी असते. जवसात ओमेगा-3 भरपूर असतं, पण ते एएलए प्रकारचं, वनस्पतींतलं. शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं, डीएचएमध्ये त्याहून कमी. म्हणून जवस हा माशाच्या तेलाला पर्याय नव्हे, चांगलं अन्न म्हणून खावं, असं डॉक्टर म्हणाले. शेवाळापासून केलेलं शाकाहारी डीएचएही मिळतं, पण तुमच्या आईला गरज नाही, म्हणाले.

जवसाला एक तंत्र आहे. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो, म्हणून वाटायलाच हवा. आणि वाटला की आतलं तेल हवेशी लगेच भिडतं. सुतार लाकडावर हात मारतात ते अळशीचं तेल हेच, हवेने वाळून कडक होणारं. आई आठवड्यापुरताच जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजते, जिरं, लाल मिरची, मीठ घालून जाडसर कुटते आणि घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवते. त्यातल्या चोथ्याने औषध कमी शोषलं जाऊ शकतं, म्हणून गोळ्या आणि चटणी यांत दोन तासांचं अंतर.

तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स 168 आले. डाग अजून अधूनमधून पडतात, पण लहान.

तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणखी काही घेता का. आईने पिशवीतून वहीचं घडी घातलेलं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. तिच्या अक्षरात चारही गोळ्यांची नावं वेळेसकट होती, आणि खाली पाचव्या ओळीत: जवसाची चटणी, दुपारी, दोन चमचे.