मंगळवेढ्याचा पाच नंबरचा नोड: डांबर संपल्यावरचे दोन किलोमीटर

‘गाडी थेट नोडपर्यंत जाते,’ असं फोनवर सांगणाऱ्याला एकच विचारायचंय: कुठली गाडी? बैलगाडी?

पाणलोटातली ओल आणि बंधाऱ्याचं पाणी मोजणारे बिनतारी सेन्सर, म्हणजेच नोड, बघायला आम्ही दोघे सोलापूरहून मंगळवेढ्याकडच्या एका गावी गेलो. ज्वारीच्या पेरणीचे दिवस, आदल्या आठवड्यात पाऊस झालेला. डांबर संपलं आणि शंभर पावलांत मोटारसायकलचं पुढचं चाक मडगार्डमध्ये चिखलानं जाम. काडीनं उकरा, ढकला, पुन्हा उकरा. शेवटी गाडी बाभळीला टेकवली, बूट हातात घेतले. दोन किलोमीटरला पावणेदोन तास! पावसानंतर चार दिवस कडक ऊन पडल्याशिवाय या वाटेला जाऊच नका. पाणी-टोपीचं सांगत बसत नाही, पण माती काढायचा ऑगर न्याच. तो नसता तर आम्हीही फसलो असतो.

कारण ॲपवर पाच नंबरचा नोड ६० सेंटिमीटर खोलीवर भरपूर ओल दाखवत होता. ऑगर घातला: वर वीतभर चिखल, त्याखाली कोरडी ढेकळं. शेतमालक काकांनी ढेकूळ बोटांनी चुरलं. ‘ह्याच्यावर पेरलं तर दाणा भरायचा न्हाई.’ रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच निघते, त्यामुळे हा आकडा चुकला की हंगाम गेला.

झालं असं होतं, की प्रोब (सेन्सरची मातीत जाणारी दांडी) वरून सरळ ठोकलेला. उघडिपीत काळी जमीन भेगाळली, भेग नेमकी प्रोबला लागून पडली आणि पावसाचं पाणी तिच्यातून थेट तळाला गेलं. हा सेन्सर मातीचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युतक्षेत्रात ती किती ऊर्जा साठवते ते, बघतो: पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५. प्रोबच्या अंगाशी जरा पाणी साचलं की आकडा उडी मारतो. शेजारच्या ढेकळाचा त्याला पत्ताच नाही. काळ्या रानात खड्डा खणून बाजूच्या भिंतीत प्रोब आडवा बसवा, खड्डा दाबून भरा. आणि तिथलीच माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवून आकडा ताडून बघा. हे केलं नसेल तर ॲप बघून पेरणी ठरवू नये. बस.

बंधाऱ्यावरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा) बरा आहे, पण तापमानाची दुरुस्ती नसलेला स्वस्तातला असेल तर दुपारचा आकडा सोडून द्या. हवा १५ अंशांनी तापली की ३ मीटरवरून मोजताना ७-८ सेंटिमीटरचा फरक पडतो. नोडचे आकडे लांबवर पाठवणारा ८६५ मेगाहर्ट्झचा लोरा रेडिओ उघड्या माळावर छान चालतो. उभ्या उसात अँटेना पिकाच्या वर काढा.

दुसरा दिवस एकरूख तलावाच्या काठानं गेला. रस्ता चांगला, सांगण्यासारखं काही नाही.

हां, पहिल्या दिवशी परतताना पायात जीव नव्हता म्हणून ट्रॅक्टरवर बसलो. ‘मालक, चिखल बघा की,’ म्हणत ट्रॅक्टरवाल्यानं आठशे घेतले. गावातला दर तीनशे, हे टपरीवर चहा पिताना कळलं.