जास्वंदीखालचा भोपळा

चैत्रात आईने घारगे केले तेव्हा भोपळ्याच्या बिया परसातल्या खतखड्ड्यात गेल्या. पावसाच्या तोंडावर तेच खत मी जास्वंदीच्या आळ्यात घातलं. पहिल्या सरींनंतर तिथे दोन जाड पानांचं रोप वर आलं, बीचं टरफल अजून टोकाला चिकटलेलं. आई म्हणाली, "काकडी असेल." पुढच्या पानांवर पांढुरके ठिपके उमटले आणि ओळख पटली. तांबडा भोपळा.

जास्वंदीचं खत खाईल म्हणून उपटणारच होतो. नाही उपटला, फार बरं झालं. चिपळूणच्या पावसात वेल बघता बघता वाढला. तणाव्यांनी आधी जास्वंद धरली, मग न्हाणीघराची कौलं.

जुलैत फुलंच फुलं, भोपळा एकही नाही. पहिली सगळी नर, लांब सडक देठांची. नंतर मादी फुलं आली, पाकळ्यांखाली इवलासा भोपळा घेऊनच. तीही पिवळी पडून गळायला लागली. मी शेणखत वाढवलं, आणि ते चुकलंच. फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या सुमारास मिटतं. नेमक्या त्या वेळात इथे पाऊस कोसळत असतो. मधमाशी फिरकत नाही, पराग भिजून फुकट जातात.

मग आदल्या संध्याकाळी उमलायला आलेल्या कळ्यांवर पिशव्या सैल बांधायच्या आणि सकाळी सहाला छत्री घेऊन जायचं, असं सुरू केलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. पाच फुलांतली दोन धरली. चौथ्या दिवशी ते हिरवे गोळे फुगलेले दिसले, तेव्हा मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं.

ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. अळू, माठ, भेंडी आम्ही दरवर्षी शोधून आणतो. यंदा भोपळा घरचा होता, नांगर तर सोडाच, कुणी बीसुद्धा न पेरलेला. आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ क्वचित कडू निघतं आणि कडू भोपळा पोटाला बाधतो, म्हणून आईने आधी एक कच्ची फोड जिभेला लावून पाहिली.

"गोड आहे रे," म्हणाली आणि फोडी पातेल्यात टाकल्या.

दुसरा अजून कौलांवर आहे. देठ हिरवा आहे आणि साल नखाने ओरखडली जाते. तो वाळेपर्यंत हात लावायचा नाही.