लाल, हिरवा, पांढरा, लाल, हिरवा

परवा रात्री लाइट गेले तेव्हा लेकीने मण्यांचा डबा काढला. मी तिला एक खेळ शिकवला. दोऱ्यात दोन मणी, लाल आणि पांढरा. नियम एकच: माळेतला सलग कुठलाही तुकडा धरायचा, आणि तसाच दुसरा तुकडा त्याला चिकटून ओवायचा.

तिने लगेच फर्मान सोडलं, "लाल पांढरा पांढरा लाल पांढरा कर." केलं. आधी अख्खी जोडी दुप्पट, मग पहिला पांढरा दुप्पट. लालने सुरू होऊन पांढऱ्यावर संपणारी, दोन रंगांची वाट्टेल ती माळ अशी जमते, हेही मी ऐटीत सांगून टाकलं.

मग पुन्हा नुसत्या लाल-पांढऱ्यापासून सुरुवात करून तिने शेवटी हिरवा ओवला आणि मागितली लाल, हिरवा, पांढरा, लाल, हिरवा. म्हटलं, त्यात काय! बॅटरीच्या उजेडात अर्धा तास गेला. (मी पोटापाण्यासाठी गणित शिकवतो.) शेवटी तीच म्हणाली, "बाबा, यात जोडी कुठेय?"

खरंच की. शेवटची चाल कुठलीही असो, तिच्यानंतर माळेत एकसारखे दोन तुकडे शेजारी-शेजारी दिसलेच पाहिजेत. या माळेत तसे नाहीतच, म्हणजे ती आमच्या नियमाने बनणं शक्य नाही. दोन रंगांत ही अडचण येत नाही. लाल-पांढरा-लालनंतर कुठलाही मणी घाला, जोडी होतेच. तीन रंगांत मात्र एकही जोडी नसलेली, कधीच न संपणारी माळ ओवता येते, हे नॉर्वेच्या ॲक्सेल थूने 1906 मध्येच दाखवलं होतं, डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी.

डीएनए हीही एक माळच, आणि तिचे तर चार मणी, म्हणजे चार रासायनिक अक्षरं. नक्कल उतरताना दोरा घसरतो आणि एखादा तुकडा दोनदा येतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराच्या जनुकात 'सीएजी' ही तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत ठीक, 40 किंवा जास्त वेळा आली की आजार जवळपास नक्की. नुसत्या नकलांतून किती वेगवेगळ्या माळा निघू शकतात, हे फर्नूद, श्वार्ट्झ आणि ब्रुक या संशोधकांनी मोजायला घेतलं. नेहमी ठरावीक लांबीचाच तुकडा शेजारी चिकटवायचा असेल, तर माळेची लांबी वाढेल तसा सगळ्या शक्य माळांत अशा माळांचा वाटा नगण्य होत जातो.

"मधला एखादा मणी बदलला तर?" लेकीने विचारलं. मग सगळंच जमतं, म्हटलं. डीएनएतही अक्षरं बदलतातच.

"मग आधी का नाही सांगितलंस?" म्हणत तिने माझी अर्ध्या तासाची माळ सोडवली.