पक्षी धडकल्यानंतरची चौकशी: माझा अनुभव

मी गोव्यात विमानतळावर देखभाल इंजिनिअर आहे. विमानाची चौकशी म्हटलं की लोकांना मोठे अपघात आठवतात, पण छोट्या घटनांचाही तपास असाच बारकाईने होतो. अशा एका तपासात मला जबाब द्यावा लागला.

जूनमधली दिवेलागण. उड्डाण केलेलं विमान डाव्या इंजिनाला पक्षी धडकल्यामुळे परत फिरलं आणि सुखरूप उतरलं. प्रवासी गेल्यावर पहिली घाई कॉकपिटमध्ये होती. तिथला व्हॉइस रेकॉर्डर शेवटच्या 2 तासांचंच बोलणं ठेवतो. विमानाची वीज चालू राहिली तर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं आणि नेमकी हवी ती मिनिटं पुसली जातात. म्हणून त्याची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर ओढून टॅग लावला. वेग, उंची असा उड्डाणाचा तपशील टिपणारा फ्लाइट डेटा रेकॉर्डर मात्र 25 तासांची नोंद धरून ठेवतो.

मग टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडाशी गेलो. जळक्या मांसाचा वास भपकन नाकात शिरला. फॅनच्या दोन पात्यांच्या कडा दुमडलेल्या, आत रक्ताचे शिंतोडे आणि एक तपकिरी पीस चिकटलेलं. आधी फोटो, मगच हात लावायचा. पीस आणि रक्ताचा नमुना तपासणीसाठी वेगळा ठेवला, कारण पक्ष्याची जात कळली तरच तो तिथे कशासाठी आला याचा माग लागतो. टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही, ताब्यात गेला, माझी ब्रेथ अ‍ॅनलायझर चाचणी झाली, आणि लेखी जबाब मागितला.

घरी आईला घोर. "नोकरीवर तर बेतणार नाही ना रे?"

मुंबईहून तपास अधिकारी आले. त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं, "चूक कुणाची ते ठरवायला मी आलेलो नाही. तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा." हा नुसता धीर नव्हता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 13व्या परिशिष्टात तपासाचा हेतूच तो आहे: पुढचा अपघात टाळणं. आपल्याकडच्या विमान अपघात तपासाच्या 2017च्या नियमांतही तेच आहे.

मी म्हणालो, "सर, घारी तर नेहमीच असतात." त्यांनी तिथेच थांबवलं. "नेहमीचं नको. त्या संध्याकाळी किती होत्या? कुठे? तुम्ही कुठे उभे होता?" कागद पुढे सरकवून नकाशा काढायला लावला. काढता काढता आठवलं: पाऊस थांबल्यावर गवतातून पंख फुटलेली वाळवी उठली होती आणि घारी तिच्यावर झेपावत होत्या. पाऊस कधी थांबला, हे त्यांनी मला फिरून फिरून विचारलं.

या खोदून विचारण्याचं मोल मला रोजच्या कामात दिसतं. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात धडकली, 349 माणसं गेली. त्या चौकशीनंतर टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. आज तिच्यात बिघाड दिसला, तर तो नोंदवून निस्तरल्याशिवाय विमान सोडायला मी सही करत नाही.

अहवाल यायला बरेच महिने लागले. त्यात माझं नाव नव्हतं, फक्त हुद्दा. पक्षी घारच निघाली. गवताची उंची आणि पावसानंतरची धावपट्टीची जादा पाहणी यावर शिफारशी होत्या. आईला मी ते पान वाचून दाखवलं. आता पाऊस थांबून वाळवी उठली की रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी असतात तिथल्या, कुणीही लगेच वॉकी-टॉकीवर कळवायचं, असं आमच्या पाळीत ठरलं आहे.